स्विफ्टचे अलॉय वॅगनआरला बसतील का? मेहुणा म्हणतो नट बसले की झालं

मिरजेची_वॅगन:
नमस्कार मंडळी. माझी वॅगनआर २०१९ची, १ लिटर, १६५/७० चे १४ इंची टायर, साध्या लोखंडी रिम. मेहुण्याने त्याच्या २०१८च्या स्विफ्टला मोठी मॅगव्हील घातली, म्हणून तिचे मूळचे १५ इंची अलॉय टायरसकट माडीवर पडून आहेत. टायर १८५/६५, नक्षी निम्म्याच्या वर शिल्लक. फुकट देतोय. काल एक चाक लावून पाहिलं, चारही नट सरळ बसले. बायको म्हणते, माझ्या भावाला नाही म्हणू नकोस. मला मात्र गाडी जरा उंच वाटतेय. काय करू?

घाटवाट:
बिनधास्त लावा. दोन्हीचा पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, ४×१००: चार भोकं, १०० मिमी. एकाच घरातल्या गाड्या आहेत.

लेथवाला_शिरोली:
घाटवाट, पीसीडी जुळला म्हणजे पत्रिकेतला एक गुण जुळला. बाकीचे बघू दे की.

मिरजकर, तुम्हाला गाडी उंच वाटली ते बरोबर आहे. हिशेब बघा. तुमचा टायर: रुंदी १६५ मिमी, तिच्या ७० टक्के टायरची भिंत, म्हणजे ११५.५, वर-खाली मिळून दुप्पट २३१, त्यात १४ इंचाचे ३५५.६ मिळवा. झाले ५८६.६ मिमी. मेहुण्याचा: १८५ चे ६५ टक्के १२०.२५, दुप्पट २४०.५, अधिक ३८१. झाले ६२१.५. म्हणजे चाक जवळपास ६ टक्के मोठं. मीटरवर ८० दिसेल तेव्हा तुम्ही ८५ ला असाल. त्यात १ लिटरचं इंजिन, सगळे गिअर ६ टक्क्यांनी लांबल्यासारखे होणार. चार माणसं बसवून आंबा घाट चढताना कळेल. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर लायनरला, म्हणजे चाकावरच्या आतल्या प्लास्टिकला, घासायची शक्यता वेगळीच.

पण रिम टाकू नका, दोष टायरचा आहे. मारुतीच्या या दोन्ही गाड्यांचं रिमचं मधलं भोक, जे हबवर (चाक बसतं त्या तुंब्यावर) बसतं, ५४.१ मिमी आणि स्टड, म्हणजे नट बसतात ते बोल्ट, १२×१.२५ चे (जाडी १२ मिमी, आटे १.२५ चे), त्यामुळे तिथे अडचण नाही. त्याच रिमवर १७५/६० चा १५ इंची टायर घाला, टियागोला येतो तो. ५९१ मिमी होतो, एक टक्कासुद्धा फरक नाही. भार क्रमांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ८१ आहे ना, तेवढं बाजूला वाचून घ्या. तुमच्या आत्ताच्या टायरवरही तोच असेल.

राहिला ऑफसेट, म्हणजे रिम हबवर किती आत किंवा बाहेर बसते ते. चाक पालथं घाला, रिमच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंत व्हर्नियरने मोजा. जुन्या रिमचंही मोजा. नवीन रिम आत किती सरकतेय ते त्यातून कळतं. मग चाक लावून आत हात घाला, स्ट्रट (चाकामागचा सस्पेन्शनचा उभा दांडा) आणि टायरमध्ये बोट फिरलं पाहिजे. मागे चौघांना बसवा आणि दोन्हीकडे फुल लॉक, म्हणजे स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवून बघा. रिकाम्या गाडीवर सगळंच बसतं.

हे मी शहाणपणाने नाही, खर्चाने शिकलोय. माझ्या जुन्या स्विफ्टला होंडा जॅझचे अलॉय घेतले होते, तेही ४×१००. भोक ५६.१ निघालं. चाक हबवर न टेकता नुसत्या नटांवर लटकलं, ८० ला स्टीअरिंग थरथरायला लागलं. तीनदा बॅलन्सिंग केलं, बॅलन्सिंगवाला खूश. शेवटी स्वतःच लेथवर अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा काढल्या, बाहेरून ५६.१, आतून ५४.१, भिंत अवघी १ मिमी. थरथर गेली. आणि महिन्याभराने जयसिंगपूरच्या रस्त्यावर नट ढिले! होंडाच्या रिमला नटाची बैठक गोल असते, माझे नट निमुळते. कडेवर टेकल्यासारखे वाटत होते, बसले कधीच नव्हते.

घाटवाट:
बरं बाबा, हरलो. मग फियाट पुंटोच्या रिमचं काय? एक मित्र विकतोय. ४×९८ म्हणतो, २ मिमीने काय होतंय?

लेथवाला_शिरोली:
त्याला हात लावू नका. पहिले दोन नट जातील, तिसरा पान्याने ओढून न्याल आणि स्टड वाकडा ताणात राहील. तुटला की सांगायला येऊ नका. चार भोकांच्या रिमला मोजायचं सोपं आहे: एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत. ९८ आणि १०० व्हर्नियरला लगेच दिसतं, डोळ्याला नाही.

मिरजेची_वॅगन:
आठवड्याने कळवतोय. १७५/६० घातले. स्ट्रटपाशी बोट आरामात फिरतं. मेहुण्यालाच मागे बसवून फुल लॉक केलं, घासलं नाही. नट हाताने आठ फेऱ्यांच्या वर गेले, मग पाना लावला, १०० किमीनंतर पुन्हा आवळले. स्टेपनी जुनीच १४ इंची ठेवू का?

लेथवाला_शिरोली:
ठेवा, उंची जवळपास तीच आहे. पंक्चरवाल्यापर्यंत हळू न्या, बस्स.

मिरजेची_वॅगन:
मेहुणा आता त्याचे १८५ चे टायर परत मागतोय. मी कालच विकले.