जळगावात संगणक-बुद्धिबळाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा: ठिकाण, तारखा आणि दिवस किती? सल्ला हवा

तापीकाठ

राम राम मंडळी. जळगाव-भुसावळकडचे आम्ही काही जण हौसेनं बुद्धिबळाची इंजिनं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम, लिहितो. बाहेरदेशातल्या आठ-दहा प्रोग्रामरना बोलावून इथे एक स्पर्धा घ्यावी असं मनात आहे. एक कॉलेज हॉल द्यायला तयार आहे, पण त्यांचं म्हणणं असं की मे महिन्यात घ्या, तेव्हा सगळं रिकामं असतं. आमच्यातले काही म्हणतात तीन दिवस पुरे, काही म्हणतात आठवडा हवा. एकजण म्हणतो जळगाव नको, तोरणमाळला घ्या, पाहुणे खूश होतील. ज्यांनी स्पर्धा भरवल्यात किंवा या विषयाचा अभ्यास आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आम्हाला हे नीट करायचं आहे.

गिरणाकाठचा मास्तर

भाऊ, आधी दिवस ठरवा, मग तारखा, गाव सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. हॉल मिळाला की तारीख ठरते आणि त्या दिवसांत बसतील तेवढ्या फेऱ्या घेतल्या जातात. त्यात खेळाचं नुकसान होतं.

पहिली जागतिक संगणक-बुद्धिबळ स्पर्धा १९७४ ला स्टॉकहोमला झाली. १३ प्रोग्राम आणि फेऱ्या फक्त ४, स्विस पद्धतीनं, म्हणजे दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्यांची जोडी. सोव्हिएत ‘काइसा’ चारही डाव जिंकून विजेता झाला, पण अमेरिकेच्या ‘चेस ४.०’शी त्याची गाठच पडली नाही. ज्या डावासाठी लोक जमले होते तो स्पर्धेत झालाच नाही. शेवटी दोघांचा वेगळा प्रदर्शनी डाव ठेवला, तो बरोबरीत सुटला. १९७७ ला टोरांटोत पुन्हा चारच फेऱ्या. काइसा पहिल्याच फेरीत ‘डचेस’कडून हरला, ‘चेस ४.६’ विजेता झाला, आणि या दोघांचा डाव परत स्पर्धेबाहेरच खेळवावा लागला. १९९५ ला हाँगकाँगला ५ फेऱ्या होत्या. साध्या पीसीवर चालणाऱ्या ‘फ्रिट्झ’नं आयबीएमच्या ‘डीप ब्लू’च्या प्राथमिक आवृत्तीला हरवलं. त्या डावाचं मोल मोठं आहे, पण इतक्या कमी फेऱ्यांत एका डावानं अख्खा निकाल फिरतो हेही खरं.

थोडा हिशेब करून बघा. दोन इंजिनांत १०० एलोचा (एलो म्हणजे खेळाची ताकद मोजायचा आकडा) फरक असेल तर वरचढ इंजिनाला शंभर डावांत साधारण ६४ गुण मिळतात. म्हणजे नऊ डावांत पावणेसहा. आणि नऊ डावांत एक-सव्वा गुण निव्वळ योगायोगानं इकडचा तिकडे होऊ शकतो. पाच फेऱ्यांत तर विचारूच नका.

म्हणून माझं म्हणणं: १० इंजिनं घ्या आणि साखळी ठेवा, प्रत्येकाचा प्रत्येकाशी डाव. ९ फेऱ्या, ४५ डाव. ज्याला ज्याच्याशी खेळायचंय त्याच्याशी तो खेळणारच. वेळ प्रत्येकी पाऊण तास आणि दर चालीला १५ सेकंद. ८० चालींचा लांब डाव झाला तरी दोघांचा मिळून दोन तास दहा मिनिटं. रोज दोन फेऱ्या, पाचव्या दिवशी एक, आणि त्या दिवसाचा उरलेला वेळ राखीव. तिसरी फेरी कोंबू नका. कुठलं तरी मशीन अडकतं, पंचांना बघावं लागतं, पटावर चाली हातानं करायच्या असतात. आणि रात्री प्रोग्रामरला आपल्या इंजिनातली चूक शोधायला वेळ लागतो, ज्यासाठी तो मुळात येतो.

भुसावळ जंक्शन

मास्तरांशी सहमत. मे महिन्याचं मात्र नावही काढू नका. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो हे सगळ्यांना माहीत आहे, पण इंजिनाचं काय होतं ते सांगतो. इंजिन प्रोसेसरचे सगळे कोर डावभर पूर्ण ताणून चालवतं. प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. माझ्याकडे एकच इंजिन, पटावरची एकच स्थिती पहाटे आणि भर दुपारी लावली तर दुपारी सेकंदाला तपासलेल्या स्थितींचा आकडा ढळढळीत खाली असतो. तेवढ्याच वेळात इंजिनाला कमी खोलवर दिसतं. ज्याचं टेबल एसीखाली तो जिंकला आणि ज्याचं खिडकीजवळ तो हरला, असा निकाल कोणाला हवा?

कूलर लावू हा विचारही सोडा. त्याची ओली हवा मशीनला बरी नाही. आणि विजेचं: जनरेटर असला तरी तो सुरू होईपर्यंत मधले काही सेकंद जातात, तेवढ्यात डाव बंद पडतो. प्रत्येक टेबलाला स्वतंत्र यूपीएस हवाच. इंटरनेटच्या लाइनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या आणि दोन्ही चालतात का ते आदल्या दिवशी एकेक बंद करून तपासा.

शिरपूरची लेक

दादा, मी सध्या पुण्यात आहे, सॉफ्टवेअरमध्येच. तारखांबद्दल लिहिते.

नोव्हेंबर-डिसेंबरात विद्यापीठाच्या परीक्षा, हॉल आणि लॅब दोन्ही अडकतात. २५ डिसेंबर ते १ जानेवारी युरोपातली माणसं घर सोडत नाहीत. जानेवारीत नेदरलंड्समधल्या विक आन झीची मोठी स्पर्धा असते, बुद्धिबळाच्या प्रेक्षकांचं लक्ष तिकडे. शिवाय उत्तरेकडच्या धुक्यानं दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या उशिरा धावतात. फेब्रुवारीचा पहिला आठवडा बघा. थंडी सरत आलेली असते, ऊन चढलेलं नसतं.

व्हिसाचा विचार सगळ्यात आधी करा. १९९६ ला मायक्रोकॉम्प्युटरची जागतिक स्पर्धा जकार्ताला होती. इस्रायलच्या ‘ज्युनियर’च्या चमूला इंडोनेशियात प्रवेश मिळाला नाही आणि निषेध म्हणून इतर काही चमूंनीही माघार घेतली. स्पर्धा झाली, पण या चमूंविना. तेव्हा कोणत्या देशांचे लोक येणार ही यादी आधी करा, परवानग्या आणि निमंत्रणपत्रांसाठी सहा महिने हाताशी ठेवा. तोपर्यंत कोणाला विमानाचं तिकीट काढायला सांगू नका.

फेरी दुपारी दोनला सुरू केली तर मध्य युरोपात सकाळचे साडेनऊ आणि जपानात संध्याकाळचे साडेपाच. घरचं मोठं मशीन दुरून चालवणाऱ्यांनाही हीच वेळ सोयीची. दुसरी फेरी सहाच्या सुमारास.

तोरणमाळ सुंदर आहे, माझ्या माहेरच्या बाजूचं आहे, पण घाटरस्ता, वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा धरून तिथे दहा मशीन चालवणं मला पटत नाही. मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी जळगाव. हीच सोय मोठी.

तापीकाठ

ताई, मास्तर, भाऊ, खूप आभार. मे महिना रद्द. एक शंका राहते. टीसीईसीसारखी इंजिनांची ऑनलाइन स्पर्धा सर्व्हरवर चालते, अंतिम लढत १०० डावांची होते, कोणाला घरातून उठावं लागत नाही. मग एवढ्या लांबून कोणी का यावं, हे कॉलेजच्या संचालकांनी विचारलं तर काय सांगू?

गिरणाकाठचा मास्तर

हे विचारलंत ते बरं झालं. कोणतं इंजिन ताकदीचं, याचं उत्तर शंभर डावांनीच द्यावं. सुरुवातीच्या चाली ठरवून देऊन त्या दोन्ही रंगांनी एकेकदा खेळवायच्या, हे काम सर्व्हर आपल्यापेक्षा चांगलं करतो. आपल्या पाच दिवसांनी ते करायला जाऊ नये. गावात जमायचं ते माणसांसाठी.

आंतरराष्ट्रीय संगणक-बुद्धिबळ संघटना जन्मली तीच टोरांटोत, स्पर्धेसाठी जमलेल्या लोकांमधून. आणि या स्पर्धा बऱ्याचदा कशाला तरी जोडून झाल्या हे लक्षात घ्या. १९७० ची न्यूयॉर्कची पहिली अमेरिकन स्पर्धा संगणकशास्त्राच्या परिषदेत झाली. स्टॉकहोम आणि टोरांटोच्या वेळी आयफिप या आंतरराष्ट्रीय संगणक-संस्थेचं अधिवेशन होतं. २००६ ला तुरिनमध्ये बुद्धिबळ ऑलिंपियाड चालू होतं. २०१८ ला पुन्हा स्टॉकहोम, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेची आयजेकाय परिषद, आणि २०२४ ला सान्तियागो दे कोम्पोस्तेला, तिथे त्याच विषयाची युरोपीय परिषद. परिषदेला माणूस तसाही येतो, त्याचा प्रवासखर्च संस्था देते, तो दोन दिवस जास्त थांबतो.

तुम्हीही तेच करा. विद्यापीठाच्या संगणक विभागाला विचारून सकाळी व्याख्यानं ठेवा, दुपारी फेऱ्या. निरुपयोगी चाली छाटत जाणारा अल्फा-बीटा शोध कसा चालतो, न्यूरल नेटवर्क स्थितीचं मूल्यमापन कसं करतं, हे ज्यानं ते लिहिलंय त्याच्या तोंडून चोपडा-यावलच्या पोरांना ऐकायला मिळालं तर संचालकांना याहून वेगळं काय सांगायचं? जळगावनं राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा घेतल्या आहेत, पंच आणि पटांची सोय इथे होते. चांगलं इंजिन लिहिणारे मात्र आपल्याकडे अजून थोडे आहेत. ते वाढायला हवेत, हे मला मनापासून वाटतं.

हार्डवेअरचा नियमही आत्ताच जाहीर करा. २००९ ला पाम्प्लोनात आठ कोरांची मर्यादा घातली होती. तुम्ही तर सरळ एकसारखी दहा मशीन द्या. एकसारख्या मशीनवर कॉलेजातल्या पोराचं इंजिनही बरोबरीनं बसतं, आणि पाहुण्यांना जड पेट्या वाहाव्या लागत नाहीत.

अमळनेरकर

मास्तर, तुमनं बरोबर शे. मी फक्त वारांचं सांगतो. पाहुणे अजिंठा बघितल्याशिवाय जाणार नाहीत, जळगावहून साधारण ६० किलोमीटर. लेणी सोमवारी बंद असतात. स्पर्धा बुधवार ते रविवार ठेवली तर लोकांची रजा कमी खर्ची पडते, पण मग ‘संपल्यावर सोमवारी लेणी’ असं कोणी ठरवलं तर दारातून परत यावं लागेल. त्यापेक्षा मंगळवारी सकाळी लेणी, संध्याकाळी जोड्यांची सोडत.

जेवणात एक रात्र भरताची ठेवा, शेतात, कळण्याच्या भाकरीसोबत. फेब्रुवारीत वांगी चांगली मिळतात. तिखट वेगळं वाढायला सांगा. शेवभाजी दुसऱ्या दिवशीच्या फेरीआधी नको.

तापीकाठ

मग असं धरतो: फेब्रुवारीचा पहिला आठवडा, बुधवार ते रविवार, १० इंजिनं, ९ फेऱ्या, एकसारखी मशीन, जळगाव. विद्यापीठाला पत्र या आठवड्यात जाईल. दहापैकी एखादा ऐनवेळी आला नाही तर साखळीचं काय करायचं?

गिरणाकाठचा मास्तर

इथलं एक इंजिन राखीव ठेवा आणि त्याच्या लेखकाला पाचही दिवस हजर राहायला सांगा. पहिली फेरी सुरू होण्याआधी कोणी गळलं तर ते आत घ्यायचं. फेरी सुरू झाल्यावर कोणी गेलं तर मात्र नवीन कोणाला घ्यायचं नाही. जाणाऱ्याचे निम्म्याहून कमी डाव झाले असतील तर त्याचे सगळे गुण रद्द, जास्त झाले असतील तर उरलेले डाव समोरच्याला. हे नियमपत्रात आधीच छापा आणि निमंत्रणासोबतच पाठवा.