सल्ला हवा: व्हायकिंग-सॅक्सन लढाईचा टेबलावरचा खेळ, बजेट ६० पौंड

यॉर्ककर
नमस्कार मंडळी. सहा वर्षं यॉर्कात आहोत. लेक चौदाची. शाळेच्या सहलीत जॉर्व्हिकचं व्हायकिंग संग्रहालय बघून आली आणि येताना कुठल्याशा दुकानाच्या काचेत बोटभर सैनिकांची लढाई मांडलेली दिसली. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. माझा अनुभव म्हणजे दिवाळीचा किल्ला आणि त्यावरचे मातीचे मावळे, बस्स.
हवंय असं: ९व्या ते ११व्या शतकातली दोन सैन्यं (व्हायकिंग आणि सॅक्सन, म्हणजे तेव्हाचे इंग्रज), आमच्या जेवणाच्या टेबलावर (चार बाय अडीच फूट) मावतील, आणि जेवायच्या वेळेआधी लढाई आवरेल. बजेट ६० पौंड, रंग-ब्रश धरून. साठ म्हणजे साठच. बायको हा धागा वाचते.

खड्गबहाद्दर
डोळे मिटून सागा घ्या. २०११ पासून आहे, २०१८ ला दुसरी आवृत्ती आली, मी दोन्ही खेळलोय. प्रत्येक सैन्याचा वेगळा तक्ता असतो. फासे टाकायचे, आलेल्या चिन्हांप्रमाणे ते तक्त्यावर लावायचे आणि मग कोणाला हलवायचं, कोणाला चिडवायचं ते ठरवायचं. एकाच तुकडीला एका डावात दोनदा पळवलंत तर ती दमते, आणि तिची दमणूक समोरचा वापरतो. इतका देखणा नियम दुसऱ्या खेळात नाही.
माझ्याकडे पाच सैन्यं आहेत. एका कपाटात मावत नाहीत म्हणून दुसरं कपाट केलं. साठ पौंडांत काय येतं हो? दोनशे ठेवा.

निवांत_पाटील
साठात डीबीए येतं! १९९० पासूनचा खेळ. एका सैन्यात बारा बेस (सैनिक चिकटवलेल्या पट्ट्या), फक्त बारा. १५ मिमीचे सैनिक घेतले की दोन फूट बाय दोन फुटांत अख्खी लढाई. तासाभरात निकाल. मी अजून त्याच पहिल्या सैन्यावर आहे, बुटाच्या खोक्यात ठेवतो.

खड्गबहाद्दर
@पाटील, १५ मिमीचा सैनिक म्हणजे साबुदाणा. चौदा वर्षांच्या मुलीला साबुदाणा रंगवायला देणार?

निवांत_पाटील
साबुदाणा भिजला की फुगतो. तुमचं कपाटही तसंच फुगलेलं दिसतंय.

चिडका_बिब्बा
कुठलाही खेळ घ्या, पण शिरस्त्राणाला शिंगं असलेले व्हायकिंग कृपा करून घेऊ नका. ती शिंगं १८७६ साली वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेरासाठी पोशाख करणाऱ्याने लोकांच्या डोक्यात घातली. नॉर्वेत गेर्मुंदबूला १९४३ साली खरं शिरस्त्राण सापडलं, त्याला डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी आहे, शिंगं नाहीत. मी हे प्रत्येक धाग्यावर लिहितो.

आज्जीचा_नातू
+१ सागा.

सदाशिव_पेठी
एक शंका. आपल्याकडे इतका इतिहास असताना इंग्रजांचे सैनिक कशाला रंगवायचे?

निवांत_पाटील
@पेठी, डीबीएच्या याद्यांत मध्ययुगीन हिंदू सैन्य आहे, हत्तींसकट. सॅक्सन ढालभिंत बांधत होते तेव्हा इकडे राष्ट्रकूट होते. पण पोरगी यॉर्कात राहते, तिला दाराबाहेर जे दिसतं तेच हवं असणार. व्हायकिंगांनी ते शहर ८६६ साली घेतलं.

सदाशिव_पेठी
हत्ती आहेत? लिंक द्या.

मृणाल_लीड्स
धागाकर्त्याचा प्रश्न कोणी वाचलाय का? दादा, मी लीड्सला आहे, दोन वर्षांपूर्वी अगदी इथेच अडले होते. मी काय केलं ते सांगते.
ग्रिपिंग बीस्ट कंपनीची सॅक्सन थेनांची (म्हणजे सरदारांची) २८ मिमी प्लॅस्टिकची पेटी घ्या. तिच्यात ४४ सैनिक येतात. सागात सैन्य गुणांत मोजतात: एका गुणाला चार हर्थगार्ड (म्हणजे सरदाराचे घरचे लढवय्ये) किंवा आठ वॉरियर (साधे लढवय्ये), आणि सरदार फुकट. म्हणजे सरदार १, हर्थगार्ड ४, वॉरियर १६, एकूण २१. असे दोन भाग केले की ४२ झाले, दोन उरले. एका पेटीत तीन-तीन गुणांची दोन सैन्यं! खरी लढाई चार ते सहा गुणांची असते, पण शिकायला तीन पुष्कळ. सॅक्सन आणि व्हायकिंग दिसायला तसे सारखेच. एका बाजूच्या ढाली लाल करा, दुसऱ्या पिवळ्या.
खास फासे घेऊ नका. साध्या फाशावर १-२-३ म्हणजे पहिलं चिन्ह, ४-५ दुसरं, ६ तिसरं. दमलेल्या तुकडीशेजारी ठेवायला आम्ही चिंचोके वापरतो. अंतरं २, ४, ६ आणि १२ इंच, त्या मापाच्या काड्या कापा.
खड्गबहाद्दर सांगायला विसरले ती गोम अशी की सागाची पुस्तकं दोन घ्यावी लागतात: मूळ नियमांचं पातळ पुस्तक आणि तक्त्यांसकटचं व्हायकिंग युगाचं जाड पुस्तक. तिथेच बजेट आटोपतं. माझी जोडी महिनाभर न्या, मी शनिवारी यॉर्कला येते.

खड्गबहाद्दर
विसरलो नाही, माझ्याकडे सगळी आहेत म्हणून लक्षात आलं नाही.

ठाणेकर_बाबा
वरच्या ताईंशी सहमत, पण रंगाचं मी बोलतो. वॉर्निशचा स्प्रे पावसाळी हवेत मारू नका. गेल्या जुलैत गॅलरीत उभा राहून तीस सैनिकांवर मारला. दहा मिनिटांत सगळ्यांवर पांढरी बुरशी चढल्यासारखं धुकं. तीन महिन्यांचं काम. बायको म्हणाली, छान दिसतायत, थंडीतले वाटतात. यॉर्कात दमट हवा बारा महिने असेल, तेव्हा ब्रशनेच लावा.
आणि प्लॅस्टिकला प्लॅस्टिक-सिमेंट; ते प्लॅस्टिक वितळवून सांधतं. सुपरग्लू धातूच्या सैनिकांना. मी उलट केलं होतं, त्याबद्दल विचारू नका.

जुना_भिडू
लायन रॅम्पंट कोणीच सुचवलं नाही? एकच पुस्तक, नियम सोपे. फक्त जुन्या आवृत्तीत एक तुकडी हलली नाही की तुमचा डाव तिथेच संपतो. एकदा माझी पहिलीच तुकडी सलग चार डाव हलली नाही. अख्खं सैन्य रांगेत उभं, जसं काही रेशनच्या दुकानासमोर. समोरचा येऊन मारून गेला. तरी सुचवतोय.

आज्जीचा_नातू
एका पेटीत दोन सैन्यं होतात का?

मृणाल_लीड्स
नातूशेठ, वर वाचा.

वाचनमात्र_होतो
अवांतर: यॉर्कपासून गाडीने वीसेक मिनिटांवर स्टॅमफर्ड ब्रिज आहे. २५ सप्टेंबर १०६६ ची लढाई. डरवेंट नदीच्या पुलावर एकटा नॉर्वेजियन कुऱ्हाड घेऊन उभा राहिला आणि त्याने सॅक्सन फौज रोखून धरली, अशी कथा आहे. शेवटी एकाने पुलाखालून भाला मारला. लेकीला तिथे घेऊन जा आणि पुलावर बाजीप्रभूंची गोष्ट सांगा.

चिडका_बिब्बा
तुलना चुकते. बाजीप्रभू आपले होते, हा तर आक्रमक. शिवाय तो प्रसंग सॅक्सन बखरीच्या हस्तलिखितात मागाहून जोडलेला आहे.

वाचनमात्र_होतो
पूल अडवणाऱ्याला बाजू नसते हो, पाय दुखतात.

ठाणेकर_बाबा
धाग्याचं काश्मीर होण्याआधी: कोणत्याही परिस्थितीत पहिल्याच खेपेला घोडे घेऊ नका. चार पाय, शेपूट, लगाम, रिकीब. एका घोड्याच्या वेळात पाच पायदळ रंगतं.

मृणाल_लीड्स
घोड्यांबद्दल +१. नकोच.

खड्गबहाद्दर
घोडे नकोत. पहिल्यांदाच माझं सगळ्यांशी एकमत.

यॉर्ककर
सगळ्यांचे आभार, मृणालताईंचे विशेष. पुस्तकं पोचली, चिंचोके आईने पाठवलेल्या डब्यात सापडले.
आता कबुली. काल क्लबाच्या जुन्या-पुराण्याच्या बाजारात गेलो होतो, पेटीचीच चौकशी करायला. लेक एका टेबलासमोर थांबली ती हललीच नाही. धातूचे नॉर्मन (१०६६ मध्ये फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणारे), आधीच रंगवलेले. सतरा घोडेस्वार आणि बारा तिरंदाज, ४५ पौंड. निम्मे भाले वाकलेले, एका घोड्याला शेपूट नाही. तिने त्याचं नाव बोथाट ठेवलंय.

ठाणेकर_बाबा
घोडे!!

मृणाल_लीड्स
सरदार १, हर्थगार्ड ८, वॉरियर ८, लेव्ही (गोळा केलेले शेतकरी, एका गुणाला बारा) १२. बरोब्बर चार गुण होतात. आता काय बोलणार. वाकलेले भाले हळूच बोटाने सरळ करा, पक्कड लावली तर मोडतील.

चिडका_बिब्बा
यॉर्कात राहून नॉर्मन? १०६९-७० च्या हिवाळ्यात नॉर्मन राजा विल्यमने तुमच्या आसपासचा सगळा मुलूख जाळला होता. शेजाऱ्यांना सांगू नका.

निवांत_पाटील
आणि दुसरं सैन्य कुठाय?

यॉर्ककर
उरलेल्या १५ पौंडांत माझे सॅक्सन येत नाहीत. बायकोने वरचा आकडा वाचलाय. काल रात्री पहिली लढाई झाली. माझ्या बाजूने बुद्धिबळाची सोळा प्यादी आणि कॅरमच्या काळ्या सोंगट्या. राजाला सरदार केला होता. तिसऱ्या डावात बोथाटने उडवला.