डिस्कनेक्ट केलं होतं, तरी पैसे गेले कसे?

जुना_कॅशियर (नाशिक रोड)

सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली पहिली अकरा कॅश काउंटरवर. तेव्हा 'न वाचता सही केलीतच कशी' हे विचारू नका. ते मीच मला रोज विचारतोय.

भाचेजावयाच्या नादाने मेटामास्क हे क्रिप्टोचं वॉलेट घेतलं, इथेरियमच्या ब्लॉकचेनवर थोडे यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं टोकन) ठेवले. मार्चमध्ये एका साइटला (नाव घेत नाही) वॉलेट जोडलं. खिडकी उघडली. 'स्पेंडिंग कॅप' असं काहीतरी, आणि खाली ११५७९२ने सुरू होणारा मालगाडीएवढा आकडा. मला वाटलं खातेक्रमांक असेल. कन्फर्म दाबलं. थोडा गॅस (व्यवहाराची फी) सोडला तर काही कटलं नाही, म्हणून निर्धास्त झालो. साइट काही पटली नाही, लगेच डिस्कनेक्टही केलं.

जूनमध्ये वॉलेट उघडलं तर ३४० यूएसडीटी गायब. वॉलेटची चावी असलेले गुप्त बारा शब्द वहीत, वही कपाटात, किल्ली हिच्याकडे. मग काढले कुणी आणि कसे? डिस्कनेक्ट केल्यावर परवानगी संपत नाही का? आणि हे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात ते तुमच्यापैकी कुणी कधी वाचलंय का, खरं सांगा.

ब्लॉकवाला_पुणे

काका, डिस्कनेक्टने फक्त त्या साइटला तुमचा पत्ता दिसायचा बंद होतो. तुम्ही दिलेली परवानगी साइटकडे नसते, मेटामास्कमध्येही नसते. ती टेथरच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे यूएसडीटी चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नोंदलेली असते: या पत्त्यावरून त्या पत्त्याला इतके काढू द्यावेत. 'अप्रूव्ह' म्हणजे ही नोंद. पुढे समोरचा 'ट्रान्सफरफ्रॉम' चालवतो आणि घेऊन जातो. त्या वेळी तुमची सही लागत नाही, गॅससुद्धा तोच भरतो. बारा शब्द कपाटातच राहतात.

ईसीएसचं मँडेट धरा. फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणून हप्ता कटायचा थांबतो का?

तो आकडा म्हणजे दोनचा २५६वा घात वजा एक. त्या रकान्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या, ७८ आकडी. म्हणजे मँडेटवर रक्कम 'कितीही', आणि मुदत नाहीच. बऱ्याच चांगल्या साइटीही हाच आकडा मागतात, दर वेळी परवानगीचा गॅस पडू नये म्हणून. त्यामुळे लोकांना तो बघायची सवय झालीय, आणि चोरांना तेच हवं असतं. मेटामास्कमध्ये तो खोडून स्वतःचा आकडा टाकता येतो. शंभराचं काम असेल तर शंभर टाका.

इथरस्कॅनवर (इथेरियमवरच्या नोंदी दाखवणारी साइट) टोकन अप्रूव्हल तपासायचं पान आहे. तिथे तुमचा पत्ता टाका, अजून काय काय उघडं आहे ते दिसेल.

रंकाळा_७७

खरं विचारलंत म्हणून खरं सांगतो. चार वर्षं यात आहे, एक ओळ वाचलेली नाही. इथरस्कॅनवर कॉन्ट्रॅक्टपुढे हिरवी खूण दिसली की पुढे जातो.

ब्लॉकवाला_पुणे

रंकाळा, त्या हिरव्या खुणेचा अर्थ एवढाच की दाखवलेला कोड आणि साखळीवर (ब्लॉकचेनवर) चालणारा कोड एकच आहे. चोरानेही स्वतःचा कोड प्रामाणिकपणे दाखवला तर त्यालाही मिळते ती.

माहेरची_गोष्ट

काकांनी एवढं मनाला लावून घेऊ नये. २०१६च्या जूनमध्ये 'द डीएओ' या कॉन्ट्रॅक्टवर चालणाऱ्या सामाईक फंडातून सुमारे ३६ लाख ईथर (इथेरियमचं स्वतःचं चलन, गॅसही त्यातच भरतात) निघून गेले. ते कॉन्ट्रॅक्ट तर या विषयातल्या जाणत्यांनी लिहिलेलं होतं आणि कोड सगळ्यांसमोर उघडा होता. चूक काय, तर पैसे आधी द्यायचे आणि खात्यातली शिल्लक नंतर कमी करायची. घेणाऱ्याने मधल्या फटीत पुन्हा पुन्हा मागितले. शेवटी जुलैमध्ये साखळीच दुभंगली, जुनी शाखा इथेरियम क्लासिक म्हणून अजून चालू आहे.

आणि 'कॉन्ट्रॅक्ट' या शब्दानेच निम्मा घोळ घातलाय असं माझं मत. कॉन्ट्रॅक्ट म्हटलं की स्टँप पेपर, दोन साक्षीदार, वेळ आली तर कोर्ट. इथे नुसता प्रोग्रॅम आहे, जो लिहिलंय तेवढंच करतो. इथेरियमच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या विटालिक ब्युटेरिननेच २०१८मध्ये म्हटलं होतं की हा शब्द घेतल्याचा पश्चात्ताप होतो, 'पर्सिस्टंट स्क्रिप्ट' असं काहीतरी रुक्ष नाव द्यायला हवं होतं.

जुना_कॅशियर (नाशिक रोड)

डीएओचं वाचून हसू आवरेना. आमच्याकडे चेक आला की पितळी टोकन, मग लेजरला पोस्टिंग, मग ऑफिसरची सही, आणि सगळ्यात शेवटी माझ्या खिडकीतून नोटा. पोस्टिंगआधी पैसे दिले असते तर त्याच संध्याकाळी मेमो हातात पडला असता. हे मला कुणी आधी लेजरच्या भाषेत सांगितलं असतं तर कळलं असतं हो. सगळे नुसतं 'डीसेंट्रलाइज्ड आहे, काळजी नको' एवढंच म्हणत होते.

काल रात्री ते पान उघडलं. चार परवानग्या निघाल्या. एक पन्नास यूएसडीटीची, ती आठवते. उरलेल्या तिन्हींपुढे 'अनलिमिटेड'. त्यातली एक मार्चची, ती ओळखली. दुसरी गेल्या दिवाळीतली. तिसरी कधी दिली, काहीही आठवत नाही.

रद्द करायला गेलो तर त्यालाही गॅस लागतो, आणि वॉलेटमध्ये ईथर शिल्लक नाही. सही फिरवायलाही फी! भाचेजावई आज थोडं पाठवतो म्हणाला.

दुसरं म्हणजे, इथे लिहिल्यापासून दोघांचे खासगी निरोप आले, 'गेलेले पैसे परत काढून देतो'. एकाने बारा शब्द मागितले. दुसरा जास्त सभ्य निघाला, त्याने लिंक दिलीय, वॉलेट जोडा म्हणतो.

ब्लॉकवाला_पुणे

काका, लिंक उघडू नका. आणि ईथर आलं की आधी मार्चवाली रद्द करा, ती होईपर्यंत त्या पत्त्यावर एकही यूएसडीटी मागवू नका. आला की तोही जाईल.