ई-चलनाच्या मेसेजमधली लिंक खरी की खोटी, ओळखायचं कसं?

दुचाकीस्वार:
'गाडीचं चलन थकलंय, आज भरलं नाही तर लायसन्स रद्द' असा मेसेज येतो, खाली लिंक. पान उघडलं तर राजमुद्रा, गाडीचा नंबर, सगळं जागच्या जागी. पत्त्यात 'परिवहन' आणि 'जीओव्ही' हे शब्दही असतात. मग ठरवायचं कशावरून? आणि कार्डाचा नंबर भरून झाला असेल तर आधी काय करायचं?

नेटकर:
पत्ता उजवीकडून वाचायचा. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा. त्यानंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते बघा. तिथे 'डॉट जीओव्ही डॉट इन' असेल तर साइट सरकारी, कारण ते नाव सरकारी संस्थांनाच मिळतं. 'परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट टॉप' असेल तर मालक अमुकतमुक. डावीकडे तो वाट्टेल ते लिहू शकतो. दुसरी युक्ती आडव्या रेघेची: 'जीओव्ही-इन' मध्ये डॉट नाही, म्हणजे ते सरकारी नाव नव्हेच.

कुलपाच्या चित्रावर जाऊ नका. कुलूप म्हणजे पाकीट चिकटवलंय, वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढंच; पाकीट कुणाच्या दारात चाललंय हे ते सांगत नाही. कुलूप दिसण्यासाठी साइटला लागणारं प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळतं. क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीवरून ते चित्र काढलं, ते याच गैरसमजापायी.

खरं तर लिंक तपासत बसण्याचीही गरज नाही. महाट्रॅफिकईचलन डॉट जीओव्ही डॉट इन स्वतः टाइप करा, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक द्या. महाराष्ट्रातलं चलन असेल तर तिथे दिसेलच.

दुचाकीस्वार:
फोनवर पत्ता अर्धाच दिसतो, त्याचं काय?

नेटकर:
पट्टीवर बोट टेकवा, पूर्ण उघडतो. लिंक उघडण्याआधी बघायचा असेल तर लिंकवर बोट दाबून धरा.

किल्लीवाला:
वर सांगितलंय ते बरोबर, पण घाईत डोळा चुकतोच. म्हणून हे काम पासवर्ड मॅनेजरकडे, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणाऱ्या अ‍ॅपकडे द्या. त्याला पानाचं रंगरूप कळत नाही, तो फक्त पत्ता जुळवतो. नेहमीच्या साइटवर पासवर्ड आपोआप भरला गेला नाही, तर हात थांबवा. कधी कधी खऱ्या साइटचा फॉर्मच विचित्र असतो, हे खरं; तरी आधी पत्ता बघा. बरेच जण मॅनेजरमधून पासवर्ड कॉपी करून तिथे चिकटवतात, मग त्याचा उपयोगच संपला.

ओटीपीवर विसंबू नका. खोटं पान तुमचा ओटीपी त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरतं. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करायची सोय) मात्र खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते, दुसऱ्या पत्त्यावर ती चालतच नाही. जिथे मिळते तिथे लावून टाका.

टपालहंशील:
चलनाच्या मेसेजमध्ये जास्त धोका लिंकपेक्षा एपीके फाइलचा, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप टाकणाऱ्या फाइलचा. ती इन्स्टॉल केली की एसएमएस वाचायची परवानगी मागते. दिली की ओटीपी परस्पर जातात.

फक्त कार्डाचा नंबर दिला असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड ताबडतोब ब्लॉक करा. एपीके टाकली असेल तर आधी फोन विमान मोडवर, वायफायही बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेटबँकिंग आणि यूपीआय थांबवा, मग पासवर्ड बदला. अ‍ॅप निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये त्याला दिलेला डिव्हाइस अ‍ॅडमिनचा हक्क (फोनवर ताबा ठेवायची खास परवानगी) काढा, मग निघेल. तेही जमलं नाही तर फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करायचा.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी गोठवता आली तर आली. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, माहिती ग्राहकानेच दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून बँकेकडून तक्रार क्रमांक वेळेसकट लेखी घ्या.