सागरविज्ञान प्रश्नमंजूषेत स्वयंसेवकाने कोणते काम घ्यावे?

प्रश्न: विद्यार्थ्यांच्या सागरविज्ञान प्रश्नमंजूषेसाठी मी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवले आहे; परंतु माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्यामुळे कोणते काम मागून घ्यावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १: वेळ पाहणे किंवा गुणलेखन घ्यावे. त्याला विषयज्ञान लागत नाही, लक्ष मात्र ढळू देऊ नये.

प्रतिसाद २: सहमत. परीक्षकाचे काम मात्र जाणकारांकडेच असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्राच्या पाण्याची सरासरी क्षारता विचारल्यावर एक संघ ‘हजारी ३५’ म्हणेल, दुसरा ‘साडेतीन टक्के’ म्हणेल. एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असल्याने दोन्ही उत्तरे बरोबरच आहेत, पण हे त्या क्षणी ओळखता आले पाहिजे. उधाणाच्या भरतीचे कारण केवळ ‘चंद्र’ सांगितले, तर ते अपुरे ठरते, कारण अमावास्या-पौर्णिमेला सूर्याचे आकर्षणही त्यात मिळते.

प्रतिसाद ३: शिवाय, उत्तर ऐकताना चेहऱ्यावर काहीही उमटू देऊ नये, मुले ते लगेच वाचतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. गुणलेखनच मागतो आणि सरावफेरीला बसू द्यावे, अशी आयोजकांना विनंती करतो.