बोलिंग ॲलीतील लेन, पिना आणि त्यांमागचे यंत्र यांची रचना कशी असते?

प्रश्न:
अलीकडे मी सहकाऱ्यांबरोबर मॉलमधील बोलिंग ॲलीत जाऊ लागलो आहे. गुण कसे मोजतात हे समजले. परंतु लेनवरील बाण कशासाठी असतात, पहिल्या चेंडूनंतर उरलेल्या पिना पुन्हा नेमक्या जागी कशा येतात आणि लेनला तेल का लावतात, हे उलगडत नाही. शिवाय येथे प्रत्येक पिनेच्या डोक्याला दोरी बांधलेली आहे. सगळीकडे असेच असते का?

उत्तर १:
आपण ज्या भागावरून पावले टाकत येता तो ॲप्रोच. त्याची लांबी किमान १५ फूट असते. तो जिथे संपतो तिथे फाउल लाइन असून, तेथून सर्वांत पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर ६० फूट असते. लेनची रुंदी साधारण साडेएक्केचाळीस इंच असते आणि लाकडी लेनमध्ये ती ३९ उभ्या पट्ट्यांनी भरलेली असते. आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम पृष्ठभाग असला, तरी त्यावर त्याच पट्ट्या छापलेल्या दिसतात. फाउल लाइनपासून बारा ते सोळा फुटांच्या टप्प्यात सात बाण असतात. साठ फुटांवरील पिनेपेक्षा जवळच्या बाणावर नेम धरणे सोपे जाते, एवढाच त्यांचा उपयोग. दोन्ही बाजूंच्या गटरविषयी, म्हणजे चुकलेला चेंडू ज्यांत पडतो त्या पन्हळींविषयी, वेगळे सांगायला नको; नवख्या खेळाडूची त्यांच्याशी ओळख सर्वांत आधी होते.

उत्तर २:
यंत्राविषयी लिहितो. अमेरिकेत पूर्वी पिना हाताने उभ्या करण्यासाठी मुले ठेवलेली असत, ए.एम.एफ. कंपनीने १९४६ मध्ये स्वयंचलित यंत्र लोकांसमोर आणले आणि १९५० च्या दशकात ते सर्वत्र पसरले. चेंडू मागच्या पडद्यावर आदळला की प्रथम एक आडवा दांडा खाली येतो. त्यानंतर वरचा साचा उतरून उभ्या पिनांना मानेशी धरून उचलतो, दांडा पडलेल्या पिना मागच्या खड्ड्यात लोटतो आणि साचा उचललेल्या पिना परत ठेवतो. एखादी पिन मूळ जागेवरून सरकून उभी राहिली असेल, तर ती सरकलेल्या जागीच ठेवली जाते. या यंत्राची खरी करामत हीच आहे. खड्ड्यातील पिना फिरत्या पट्ट्यावरून उचल-चाकाकडे आणि तेथून वर जातात, तर चेंडू वेगळा होऊन दोन लेनच्या मधल्या मार्गाने आपल्याकडे परततो.

दोरीची पद्धत निराळी. तेथे सर्व पिना दोऱ्यांनी वर ओढून हव्या तेवढ्या खाली सोडल्या जातात. यंत्रातील भाग कमी असल्याने देखभाल स्वस्त पडते, म्हणून मनोरंजन केंद्रांना ती सोयीची वाटते. मात्र दोरीमुळे पिनांची पडझड बदलते. अमेरिकेतील बोलिंगच्या नियामक संस्थेने २०२३ मध्ये या प्रकाराला मान्यता दिली, पण स्वतंत्र गट म्हणून, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.

उत्तर ३:
तेलाचा मूळ हेतू लेनच्या पृष्ठभागाचे घर्षणापासून रक्षण करणे हा होता, पण आता खेळच त्यावर उभा आहे. नेहमीच्या मांडणीत तेल मध्यभागी दाट व कडांना विरळ असते आणि शेवटची सुमारे वीस फूट लेन कोरडी ठेवलेली असते. त्यामुळे फिरकी दिलेला चेंडू आधी घसरत जातो आणि कोरड्या भागात पकड मिळताच वळतो. खेळ चालू असताना चेंडूंबरोबर तेल पुढे वाहून जाते व काही ठिकाणी संपते, म्हणून तोच फटका तासाभराने वेगळा जाऊ शकतो.

तरीही केंद्रात मिळणारे चेंडू बहुधा गुळगुळीत प्लास्टिकचे असतात आणि ते फारसे वळत नाहीत. तेव्हा अशा चेंडूची दिशा चुकली, तर तेलाआधी मनगटाकडे पाहावे. चेंडूचे कमाल वजन १६ पौंड असते. आपण त्याहून बराच हलका, बोटे सैल न राहता सहज निघतील असा चेंडू निवडावा. ॲप्रोचवर पाणी किंवा तेल लागलेले बूट घेऊन मात्र मुळीच जाऊ नये, कारण तळवा अचानक अडकला किंवा घसरला तर खेळाडू तोंडावर आपटतो.