चंद्रकांता फॅन-कॉमिक: मोहीम नसेल त्या दिवशी ऐयार काय करतो?

शाईचा_डाग

मंडळी, मदत हवी आहे. देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता'वर मी मराठीत फॅन-कॉमिक काढतेय. आपल्यापैकी बहुतेकांना ती 1994 च्या दूरदर्शन मालिकेमुळे, त्यातही खलनायक क्रूरसिंहाच्या 'यक्कू'मुळेच आठवते. पण मूळ कादंबरी 1888 ची आहे आणि मालिकेपेक्षा खूपच खट्याळ आहे.

खरं सांगायचं तर कुंवर वीरेंद्रसिंह आणि राजकुमारी चंद्रकांता यांच्यात मला फारसा रस नाही. ते उसासे टाकतात, बेशुद्ध पडतात आणि पळवले जातात. सगळी कामं करतात ते ऐयार, म्हणजे वेषांतरात पटाईत दरबारी हेर. तेजसिंह, देवीसिंह, चपला, चंपा. वेष पालटायचा, बेशुद्धीची पूड हुंगवायची, माणसाचं गाठोडं बांधून पाठीवर टाकायचं आणि रातोरात जंगल पार करायचं. कादंबरीच्या अगदी सुरुवातीला तेजसिंह भेटतो तो असा: कमरेला खंजीर, बगलेत बटवा, हातात कमंद (भिंत चढायचा दोर). म्हणजे पात्राची ओळख त्याच्या हत्यारा-सामानावरून. मला नेमकं हेच आवडतं.

तर माझं कॉमिक मोहिमा नसलेल्या दिवसांचं आहे. चंद्रकांतेची सखी चपला विजयगडच्या महालात सकाळी उठते, मग पुढे काय? तिच्या बटव्यात काय काय आहे, ते संपलं की कुठून आणते? वेषांतराचे कपडे कोण धुतं? देवीसिंह चार दिवस साधू होऊन फिरल्यावर घरी जातो तेव्हा आई काय म्हणते?

आणि पूर्वायुष्य. इथे माझी एक अट आहे. फॅन-कॉमिक म्हटलं की प्रत्येकाचे आईबाप कुणीतरी मारलेले असतात, गाव जाळलेलं असतं, मग सूड. मला ते नको. खत्रींच्या जगात ऐयारी ही चक्क घराण्याची विद्या आहे. तेजसिंहाचा बाप जीतसिंह वीरेंद्रसिंहाच्या नौगडचा दिवाण आणि स्वतः पट्टीचा ऐयार. पुढे 'चंद्रकांता संतती' या पुढच्या कादंबरीत तेजसिंह-चपलाचा मुलगा भैरोसिंह आणि देवीसिंह-चंपाचा तारासिंह, दोघंही त्याच धंद्यात. दरबारी नोकरी आहे ही, मान आहे, इनाम आहे. मग माणसं नोकरदारासारखी वागणारच ना? कुरकुर करणार, एकमेकांचं सामान उसनं नेणार आणि परत द्यायला विसरणार.

पहिल्या प्रकरणाची पेन्सिल झाली आहे. शाई फिरवण्याआधी विचारतेय. कुणाला यातलं काही प्रत्यक्ष माहीत असेल तर सांगा. तिलिस्म (जादुई भुलभुलैया), खजिने, गुप्त दरवाजे हे माझ्याकडे भरपूर आहे, त्यात भर नको.

---

भूल_देणारी

अगं, हा प्रश्न माझ्यासाठीच आहे. मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे रुमाल नाकाशी धरला आणि माणूस पडला हे दृश्य आलं की घरचे आधी माझ्याकडे बघतात.

तुझ्या ऐयारांकडे खरोखर काय असू शकेल? धोत्रा आणि अफू. धोत्र्याच्या बिया खाण्यात घालून वाटसरूंना लुटणारे लोक हिंदुस्थानात होतेच. पण धोत्र्याने माणूस शांत झोपत नाही. अर्धा-एक तास तर काहीच होत नाही. मग तोंडाला कोरड, बुबुळांच्या बाहुल्या मोठ्या, आणि तो बरळायला लागतो, हवेत नसलेल्या वस्तू चिमटीत पकडतो. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठिकाणावर येत नाही. अफूने झोप येते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास मंदावतो. मात्रा चुकली तर थांबतोच.

आता ऐयार ऐयाराला जिवे मारत नाही हा त्यांचा रिवाज लक्षात घे. मग सगळी विद्या मात्रेत आली. समोरच्याचं वजन नुसत्या नजरेने ओळखणं हे चपलाचं खरं कसब दाखव. तिच्या बटव्यात सोनाराचा छोटा काटा आणि गुंजा हव्यात. पूर्वायुष्य पाहिजे ना? सोनाराची मुलगी कर. लहानपणापासून बापाच्या दुकानात गुंजा मोजलेल्या. खून-सूड काही नको, वजनमापातला पक्का हात पुरे.

शुद्धीवर आणायला कादंबरीत लखलखा हुंगवतात. तू नवसागर आणि चुना दाखव. दोन्ही एकत्र चोळले की अमोनियाचा असा भपकारा येतो की गाढ झोपलेला ताडकन उठावा. (अफूची पूर्ण मात्रा पोटात असेल तर नुसत्या वासाने भागणार नाही, पण कॉमिक आहे, चालू दे.) नवसागर कल्हईवाल्याकडे मिळतो. म्हणजे महिन्यातून एकदा चपला कल्हईवाल्याशी भावावरून हुज्जत घालतेय, हे तुझं एक पान झालं.

आणि एक गोष्ट माझ्यासाठी कर. बेशुद्ध माणसाचं गाठोडं बांधलं की हनुवटी छातीवर टेकते आणि श्वास अडतो. गाठोडं बांधायचंच असेल तर मान मागे, तोंड एका कुशीला, आणि थोड्या थोड्या वेळाने थांबून नाकापुढे हात धरून बघायचं. जंगलातून पळत निघालेली चपला दर चार झाडांनंतर थांबते, शत्रूच्या नाकाशी बोट नेते, श्वास लागला की पुन्हा पळते.

---

कुडाळचो_नाम्या

ताई, मी दशावतारात काम करतो, कपड्यांचं आणि रंगाचं मी सांगतो.

आमच्यात रंगपट वेगळा नसतो. ज्याचा त्याने रंगवायचं, ज्याचा त्याने पेटारा सांभाळायचा. रात्रभर नाटक, सकाळी खोबरेल चोपडून रंग काढायचा आणि देवळाच्या आवारात पडायचं. तेव्हा ऐयाराची सकाळ मी अशी काढेन: तोंडाला तेल, हातात जुन्या धोतराची चिंधी, कानामागचा रंग नेहमी राहून जातो आणि नेमका तोच चारचौघांत दिसतो. पकडला जाणारा ऐयार तिथेच पकडला जाईल.

दुसरं, चेहऱ्यापेक्षा हात दगा देतात. मी बाईचं काम करतो. तोंड अर्ध्या तासात होतं, पण पदर सावरताना बोटं कशी पडतात ते जमायला वर्षं जातात. आपल्याकडे बहुरूपी पोलिसाचा वेष घालून दारात येतो, तुमच्यावर वॉरंट आहे म्हणतो. त्याच्या टोपीकडे बघून कुणी फसत नाही, त्याच्या उभं राहण्याकडे बघून क्षणभर तरी फसतं.

आणि मिशी! ताई, तुमचे ऐयार रजपूत ना? बाईचा वेष घ्यायचा तर मिशी उतरवावी लागणार. आता देवीसिंह सफाचट तोंडाने घरी गेला की गल्लीतले लोक काय समजणार? बाप गेला! शेजारणी रडत येणार, म्हातारा ओसरीवर हुक्का ओढत बसलेला. ह्या एका गोष्टीवर माझा आख्खा अंक निघेल.

---

विंध्यकाका

बँकेच्या नोकरीत काही वर्षं रॉबर्ट्सगंजला होतो. विजयगडचा किल्ला तिथून जवळ, सोनभद्र जिल्ह्यात. नौगड शेजारच्या चंदौलीत, आणि चुनार मिर्झापुरात गंगेच्या काठावर. खत्रींनी काशीच्या राजाकडून चकिया-नौगडच्या जंगलांचे ठेके घेतले होते. त्या रानातले भग्न वाडे आणि गुहा त्यांनी पायाखाली घातलेल्या होत्या. कॉमिकमधली जमीनही तशीच खरी असावी म्हणून लिहितो.

तुम्ही जंगल काढाल ते कृपया सह्याद्रीचं काढू नका. तिथला दगड काळा नाही. वालुकाश्म आहे, पिवळसर-तांबूस, चुनारचा तर अशोकस्तंभांपासून प्रसिद्ध. उन्हाळ्यात तो असा तापतो की अनवाणी ऐयार दुपारी पळूच शकणार नाही. झाडं मोहाची, तेंदूची, खैराची, चारोळीची. मार्च-एप्रिलात पहाटे बायका मोहाची फुलं वेचायला निघतात. रातोरात गाठोडं घेऊन येणाऱ्या चपलाची गाठ पहारेकऱ्यांशी पडण्याआधी ह्या बायकांशी पडेल, आणि त्या विचारतील, काय वेचून आणलंस एवढं?

आता पूर्वायुष्याचं. त्या रानातून कर्मनाशा नदी वाहते. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तर आजवरचं पुण्य धुऊन जातं अशी समजूत. त्रिशंकूच्या लाळेतून ती निघाली म्हणतात. म्हणून जुने यात्रेकरू ती पायांनी ओलांडत नसत, मजुरी देऊन दुसऱ्याच्या खांद्यावर बसून पार होत. विचार करा, तो खांदा देणारा कोण? दिवसभर लोकांचं पुण्य कोरडं ठेवायचं आणि स्वतः कमरेपर्यंत त्याच पाण्यात उभं राहायचं. अशा माणसाच्या मुलीला माणूस पाठीवर घेऊन चालायचं कसं, हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

---

तिलिस्मी_बाब्या

सगळं छान, पण मग थरार कुठे? लोक ऐयारी वाचायला येणार, कल्हई नाही. मी तरी तो सिंहाच्या तोंडाचा दरवाजा शोधणार, जीभ ओढली की उघडणारा. शिवाय एखाद्याला दुःख असलं तर बिघडलं काय? सगळेच हसतखेळत गाठोडी बांधतायत?

(आणि नावाचं काहीतरी करा. माझ्या धाकट्याने पान बघून विचारलं, 'कुणाच्या चपला?')

---

शाईचा_डाग

बाप रे, पहिलं प्रकरण खोडायला लागणार, आणि आनंदाने खोडतेय.

@भूल_देणारी, सोनाराची मुलगी पक्की. चपला आता कुणाशीही बोलताना आधी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघते आणि कोपऱ्यात छोट्या अक्षरांत आकडा येतो: दोन मण, सव्वादोन मण. चंद्रकांतेचं वजन मात्र ती मनातसुद्धा कधी काढत नाही. मैत्रिणीचा हिशेब तिने करायचा नाही असं ठरवलंय, आणि याचा कुठेही खुलासा येणार नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

@विंध्यकाका, नदीवाला बाप चंपाला देते. चपलाला दोन्ही दिलं तर ती फारच गुणी होईल. काका, तुमचं ते कोरडं पुण्य वाचून मी तासभर नुसते खांदे काढत बसले होते. कमरेपर्यंत पाणी, खांद्यावर काशीला निघालेला जाडजूड शेटजी, त्याने पाय वर धरलेत आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर पानाची पिंक पडू नये म्हणून तोंड मिटून हुं-हुं करतोय. काठावर सहा-सात वर्षांची चंपा नाणी मोजतेय. बाब्या, तुला दुःख हवं होतं ना? हे घे. बापाला आयुष्यभर कुणी आपल्या पंगतीत बसवलं नाही, आणि मुलगी आज राजकन्येच्या महालात आहे. पण त्यासाठी कुणाचा खून करायची गरज मला वाटत नाही.

थराराचं म्हणशील तर सिंहाचा दरवाजा आहे, काळजी नको. फक्त माझ्या कॉमिकमध्ये त्या दरवाजामागच्या गुहेत कैदी ठेवल्यावर त्यांना जेवण कोण पोहोचवतं हा प्रश्न आहे. देवीसिंह. रोज. पिठाचं पोतं पाठीवर घेऊन, सिंहाच्या घशात हात घालून जीभ ओढतो आणि आतून क्रूरसिंहाचा ऐयार नाजिम ओरडतो, 'आजही डाळच?'

कपड्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. महालातली धोबीण हुशार असणार, साधूची भगवी कफनी आणि सरदाराचा अंगरखा एकाच गाठोड्यात धुवायला आले की तिला सगळ्या मोहिमा कळणार. मला वाटतं विजयगडची सगळ्यात मोठी हेर तीच. तिला अजून नाव दिलेलं नाही, सुचवा.

नाम्या, मिशीवाला अंक सगळ्यात आधी काढते. शेजारणी कोणत्या क्रमाने येतात, आधी रडतात की आधी डोकावतात, आणि म्हातारा हुक्का ठेवून पहिलं वाक्य काय बोलतो, तेवढं तुझ्या रंगमंचावरच्या अंदाजाने सांग. मालवणीत सांगितलंस तरी चालेल, मी फिरवून घेईन.